फरक तेवढा सांगा

उद्या किती पाव लागतील?

खाण्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न रोज संध्याकाळी पडतो. जास्त मागवलं तर उरतं आणि शिळं होतं. कमी मागवलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. दुकान एकच असेल तर मालक हे गणित गल्ल्यावर बसल्या बसल्या सोडवतो. आभाळाकडे बघतो, उद्या वार कोणता ते आठवतो, बरणीत काय उरलंय ते डोकावून बघतो आणि आकडा सांगून मोकळा होतो.

पण दुकानं दोनशेच्या घरात असली, पदार्थ शेकडो असले आणि सगळा माल एकाच ठिकाणी भाजून, बांधून, गाड्यांवर चढवून सकाळच्या आत पोचता करायचा असला तर? आभाळाकडे बघायचं कुणी, आणि कुठल्या आभाळाकडे?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये एक चहावाली कंपनी या प्रश्नाशी झुंजत होती. त्या झुंजीत तिने असं काही केलं, जे तोवर जगातल्या कुठल्याच व्यापारी कंपनीने केलं नव्हतं. धंद्याच्या रोजच्या कामासाठी तिने आपल्याच कचेरीत आपला संगणक बांधला. ही गोष्ट बहुतेक वेळा त्या यंत्राची म्हणून सांगितली जाते. पण या गोष्टीतला माझ्या मते सर्वांत मोठा शोध यंत्र चालू झाल्यावर जवळजवळ तीन वर्षांनी लागला, आणि तो एका साध्या टेलिफोनच्या तोंडाशी लागला.

पेनीच्या अंशावर चालणारा धंदा

जे. लायन्स अँड कंपनीने पहिलं चहाचं दुकान १८९४ साली लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर उघडलं. स्वच्छ टेबलं, चांगला चहा, परवडणारा भाव. पांढऱ्या-सोनेरी पाट्यांची ही दुकानं बघता बघता शहरभर पसरली. काळा पोशाख आणि पांढरा एप्रन घातलेल्या तिथल्या चपळ वाढपी मुलींना लोक ‘निप्पी’ म्हणत. कारकून, टंकलेखिका, खरेदीला निघालेल्या बायका, सगळ्यांना परवडेल अशी ही जागा. हीच कंपनी बकिंगहॅम राजवाड्याच्या बागेतल्या मेजवान्यांनाही खाणं पुरवत असे. हॅमरस्मिथ भागातला कॅडबी हॉल हा तिचा भलामोठा कारखाना आणि मुख्य कचेरी. पाव, केक, पाय इथेच भाजले जात आणि इथूनच दुकानांकडे रवाना होत.

धंदा मोठा, पण नफा चिमूटभर. एकेका चहाच्या किटलीमागे सुटणारी रक्कम पेनीच्या अंशात मोजावी लागे. अशा धंद्यात एक केक वाया जाणं म्हणजे पुढच्या कित्येक गिऱ्हाइकांवरचा नफा गेला. त्यातून हिशेबाचा खटाटोप अफाट. प्रत्येक टेबलावरच्या प्रत्येक चहाची चिठ्ठी कॅडबी हॉलला यायची आणि तिथे मुलींच्या रांगाच्या रांगा कॉम्प्टोमीटर नावाच्या यंत्रांवर बोटं आपटत त्यांच्या बेरजा करायच्या. पैशांचं कोष्टकही वाकडं होतं. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगचा एक पौंड. रुपये-आणे-पैत हयात घालवलेल्या आपल्याकडच्या जुन्या मुनीमजींना या मुलींचं दुःख लगेच कळलं असतं.

१९२३ साली लायन्सने केंब्रिजला गणित शिकलेला एक तरुण नोकरीला घेतला. जॉन सिमन्स त्याचं नाव. चहावाल्यांच्या कचेरीत गणितज्ञाचं काय काम, असं कुणालाही वाटलं असतं. सिमन्स यांनी मात्र तिथे गेल्यावर एक वेगळाच प्रश्न धरून ठेवला: हे सगळे आकडे आपण जमवतो कुणासाठी?

चोरी पकडण्यासाठी, चूक शोधण्यासाठी, कायद्यासाठी हिशेब ठेवावाच लागतो. पण बेकरीच्या प्रमुखाला किंवा दुकानांवर देखरेख करणाऱ्या माणसाला उद्या काय करायचं हे ठरवताना त्या खतावणीचा उपयोग होतो का? गेल्या आठवड्यात कुठला केक तोट्यात गेला हे कळेपर्यंत या आठवड्याचे केक भाजून झालेले असतात. निर्णय होऊन गेल्यावर हाती आलेला आकडा निव्वळ इतिहास सांगतो. सिमन्स यांना तो आकडा निर्णयाच्या आधी टेबलावर हवा होता.

१९३०च्या दशकात त्यांच्या देखरेखीखाली लायन्समध्ये एक छोटा विभाग निघाला. पुढे ‘सिस्टिम्स’ हा शब्द जगभर रूढ झाला. लायन्समध्ये तो या विभागाच्या नावात तेव्हाच होता. इथली माणसं एकेका खात्यात जाऊन बसत आणि एकेक कागद उचलून विचारत की हा कुठून येतो, पुढे कुठे जातो, त्यावर काही ठरतं का, आणि हा उद्यापासून बंद केला तर कुणाचं अडेल? कुणाचंच अडणार नसेल तर कागद बंद. संगणक हे नावही कुणाच्या तोंडी नव्हतं, तेव्हा लायन्स ही सवय अंगी बाणवत होती. पुढची सगळी गोष्ट या सवयीच्या पायावर उभी आहे.

काखेत कळसा

युद्ध संपलं. दरम्यान अमेरिकेत कचेऱ्यांच्या कामात काय नवं आलंय हे पाहून या, म्हणून सिमन्स यांनी १९४७ साली दोन माणसांना तिकडे पाठवलं. एक रेमंड थॉम्पसन, दुसरे ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड. तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत त्यांनी बरंच हिंडून पाहिलं. टाइपरायटर चकचकीत होते, फायलींची कपाटं पोलादी होती, पण शिकून यावं असं फार काही हाती लागलं नाही.

मात्र लष्करासाठी बांधलेल्या ‘इलेक्ट्रॉनिक मेंदू’च्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. तोफगोळ्यांचे मार्ग काढणारं ते यंत्र होतं. या दोघांच्या मनात विचार आला की जे यंत्र गोळ्याचा मार्ग काढतं, ते पगाराचा हिशेब का काढणार नाही? ते प्रिन्स्टनला गेले आणि त्या यंत्राच्या कामात पुढे असलेले गणितज्ञ हर्मन गोल्डस्टाइन यांना भेटले. विलायतेहून आलेले चहावाले आपल्याला गणनयंत्राविषयी विचारतायत, हे गोल्डस्टाइन यांच्या ध्यानीमनीही नसणार. पण त्यांनी या दोघांना हसण्यावारी नेलं नाही. कल्पना त्यांना आवडली. आणि बोलता बोलता त्यांनी सांगितलं की असं यंत्र तुमच्याच देशात, केंब्रिज विद्यापीठात बांधलं जातंय.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. अटलांटिक ओलांडून जे शोधायला गेले, ते लंडनपासून शंभरेक किलोमीटरवर होतं.

परतल्यावर दोघं केंब्रिजला गेले. तिथे मॉरिस विल्क्स आपल्या सहकाऱ्यांसह ‘एडसॅक’ नावाचं यंत्र उभं करत होते. सूचना स्वतःच्याच स्मरणात साठवून त्याप्रमाणे काम करणारं हे यंत्र होतं. विल्क्स यांच्याकडे बुद्धी होती, जिद्द होती. पैसा आणि हात कमी होते. लायन्सने सौदा केला. तीन हजार पौंड आणि अर्नेस्ट लेनार्ट्‌स हा इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेला आपला एक माणूस त्यांनी केंब्रिजला दिला. बदल्यात यंत्राची विद्या शिकू द्यायची.

थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड यांनी १९४७च्या ऑक्टोबरात संचालकांपुढे अहवाल ठेवला. अंदाज असा की यंत्राला एक लाख पौंड लागतील आणि वर्षाला पन्नास हजार पौंड वाचतील. पण असं यंत्र बाजारात विकत मिळत नव्हतं. घ्यायचं तर घरीच बांधायचं. संचालक व्यापारी होते. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण आधी केंब्रिजचं यंत्र चालून दाखवू दे, अशी वाट पाहिली.

६ मे १९४९ रोजी एडसॅकने शून्यापासून पुढच्या आकड्यांचे वर्ग काढून छापले. शून्य, एक, चार, नऊ, सोळा... शाळकरी पोराच्या पाटीवरचा पाढा. त्या पाढ्यावर कॅडबी हॉलमध्ये लाख पौंडांचा निर्णय झाला.

पाऱ्यात घोकलेले आकडे

यंत्र बांधण्यासाठी लायन्सने जॉन पिंकर्टन या अभियंत्याला घेतलं होतं. युद्धात त्यांनी रडारवर काम केलं होतं. नाव ठरलं ‘लिओ’. ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’ या शब्दांची आद्याक्षरं.

लिओत सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह होते. जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे, तसेच. आणि त्याचं स्मरण पाऱ्यात होतं. विजेचा ठोका पाऱ्याने भरलेल्या लांब नळीच्या एका तोंडाला आवाजाचा ठोका होऊन शिरे, पाऱ्यातून सरकत दुसऱ्या तोंडाला पोचे, तिथे पुन्हा विजेचा होई आणि परत पहिल्या तोंडाशी पाठवला जाई. हे अखंड चाले. वाण्याकडे पाठवलेलं पोर विसरू नये म्हणून वाटभर ‘पावशेर साखर, अर्धा शेर रवा’ घोकत जातं, तसा हा पारा आकडे घोकत राही. वीज गेली की घोकणं थांबलं आणि सगळं विसरलं. अशा ६४ नळ्या मिळून स्मरणात २,०४८ जागा होत्या. आजच्या फोनमधल्या एका छोट्या चित्रालाही त्या पुरणार नाहीत.

व्हॉल्व्ह कधी दगा देईल याचा नेम नसे. विद्यापीठात यंत्र बंद पडलं तर प्राध्यापक चहाला जातात. कॅडबी हॉलमध्ये बंद पडलं तर गाड्या खोळंबतात. म्हणून पिंकर्टन यांनी एक युक्ती वापरली. काम सुरू करण्याआधी विजेचा दाब मुद्दाम कमीजास्त करून यंत्राला ताण द्यायचा. जो व्हॉल्व्ह थकत आलाय तो तेव्हाच कोसळतो. तो बदलायचा आणि मग दिवसाचं काम लावायचं. मडकं घेण्याआधी टिचकी मारून पाहावं, तसंच हे. यंत्राला एक लाउडस्पीकरही जोडला होता. सरावलेला कान त्याच्या गुणगुणण्यावरून काम सुरळीत चाललंय की कुठे घुटमळतंय ते ओळखायचा.

पण मोठा घोळ निघाला तो भलत्याच ठिकाणी. शास्त्रज्ञाच्या कामात आकडे थोडे आत जातात, आत खूप गणित होतं, उत्तर थोडं बाहेर येतं. कचेरीचं काम याच्या अगदी उलट. हजारो आकडे आत, मध्ये साधी बेरीज-गुणाकार, आणि हजारो आकडे बाहेर. केंब्रिजच्या यंत्राने ही अडचण कधी पाहिलीच नव्हती. लायन्सपुढे चित्र असं आलं की स्वयंपाकी विजेच्या वेगाने रांधतोय, पण शिधा देणारा आणि ताट वाढणारा गोगलगायीच्या चालीने चालतोय. यावर उपाय म्हणून चुंबकीय फितीची एक मोठी यंत्रणा बाहेरच्या कंपनीकडून करून घ्यायला सुरुवात झाली. तिच्यात वेळ गेला, पैसा गेला, आणि शेवटी ती टाकून द्यावी लागली. मग भोकं पाडलेली कार्डं आणि कागदी फिती अशा ओळखीच्या साधनांचीच जोडणी करून, एकाच वेळी अनेक वाटांनी आकडे आत घेण्याची सोय केली गेली.

फेब्रुवारी १९५१ मध्ये राजकन्या एलिझाबेथ, पुढे वर्षभरात राणी झालेल्या, हे यंत्र पाहायला कॅडबी हॉलला आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात चाचण्या झाल्या आणि नोव्हेंबरापासून दर आठवड्याला एक ठरलेलं काम लिओ करू लागलं. बेकरीत आठवड्याला काय काय भाजलं, त्याला खर्च किती आला, कुणाला किती किमतीला गेलं, याचं मूल्यांकन. व्यापारी कचेरीचं नेमाचं काम संगणकाने केल्याची जगातली ही पहिली नोंद. काम निवडतानाही धोरण होतं. यात आकडे थोडे लागत, आणि चुकलं तरी कुणाची चूल विझणार नव्हती.

शुक्रवारचा पगार

यंत्राला काय सांगायचं हे ठरवण्याची जबाबदारी डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे होती. युद्धात एक पाय गमावून परत आलेले, स्वतः सिस्टिम्स विभागात तयार झालेले. शिस्त कडक, जीभ तिखट. जगातले पहिले सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट म्हणून पुढे त्यांचं नाव घेतलं गेलं. त्यांचा खाक्या असा की यंत्राला एक ओळ सांगण्याआधी ते काम आज माणसं कसं करतात, ते मुळापासून समजून घ्यायचं. आणि मग प्रत्येक पायरीला विचारायचं, असं झालं नाही तर? कार्ड फाटलं तर? माणूस आठवड्याच्या मध्येच नोकरी सोडून गेला तर? एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने तपासायचा. प्रत्येक टप्प्यावर बेरजा जुळवून पाहायच्या. मध्येच यंत्र पडलं तर पहिल्यापासून न करता मधल्या खुणेपासून पुन्हा उचलता आलं पाहिजे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत मेरी ब्लड, पुढे मेरी कूम्ब्स, याही होत्या. १९५२ मध्ये आलेल्या मेरी व्यापारी संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पहिल्या स्त्री मानल्या जातात.

खरी परीक्षा पगाराची. केकच्या किमतीची बेरीज चुकली तर पुढच्या सोमवारी दुरुस्त करता येते. शुक्रवारी कामगाराच्या हातात पाकीट पडलं नाही तर? शिवाय कर, विमा, जादा तास, कापलेली कर्जं, प्रत्येकाचं वेगळं. कित्येक आठवडे कारकुनांनी आपल्या पद्धतीने आणि लिओने आपल्या पद्धतीने तेच पगार काढले आणि दोन्ही ताडून पाहिले. १९५३च्या अखेरीस बेकरीच्या कामगारांचे पगार लिओ काढू लागलं आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये कंपनीने ते जगाला सांगितलं. सरावलेला कारकून एका माणसाच्या पगाराला आठ मिनिटं घेई. लिओला दीड सेकंद पुरे.

वर्तमानपत्रांना हा वेग आवडला. पण सिमन्स यांचा मूळ प्रश्न अजून तिथेच होता. पगार झटपट निघाला म्हणून कुणाला चांगला निर्णय घेता आला असं नव्हे. आधी सुंदर अक्षरात लिहिलेली वही आता यंत्राने छापली, एवढंच झालं होतं.

टेलिफोनच्या तोंडाशी

मग दुकानांच्या मालाचं काम पुढे आलं. म्हणजे सुरुवातीचाच प्रश्न: उद्या किती?

जुनी रीत अशी. प्रत्येक दुकानाची मॅनेजरबाई रोज लांबलचक तक्त्यावर दुसऱ्या दिवसासाठी काय काय हवं ते लिहायची. ते तक्ते कॅडबी हॉलला जायचे. तिथे कारकून प्रत्येक पदार्थाची बेरीज लावायचे, बेकरीला सांगायचे, मग पुन्हा प्रत्येक दुकानाची वेगळी यादी करून बांधणीवाल्यांना द्यायचे, गाड्यांची यादी वेगळी, बिलं वेगळी. दिवसभर राबलेल्या बाईला संध्याकाळी तक्ता भरायचा कंटाळा येणं साहजिक होतं. कालचेच आकडे आज लिहून टाकण्याचा मोह कुणाला होणार नाही?

हे सगळं लिओला द्यायचं तर पहिली भिंत तीच, आकडे आत घालण्याची. दीडशे दुकानांनी नुसत्या शंभर शंभर ओळी लिहिल्या तरी रोजचे पंधरा हजार आकडे कार्डांवर पाडायचे. यंत्राचं गणित मिनिटांत आटपेल, पण कार्डं पाडेपर्यंत उद्या उजाडेल.

अशा वेळी कुणीही अधिक वेगवान यंत्राच्या मागे लागलं असतं. लायन्समधल्या माणसांनी आपली जुनी सवय वापरली. कागद उचलला आणि विचारलं, यातलं खरोखर नवं काय आहे?

आणि दिसलं ते असं. मंगळवारची मागणी बहुतेक मागच्या मंगळवारसारखीच असते. शनिवारची शनिवारसारखी. शंभर ओळींपैकी बदलतात त्या मोजक्या. ऊन पडणार असेल, जवळच्या मैदानावर सामना असेल, कालचे बन उरले असतील, तर तेवढ्याच ओळी इकडच्या तिकडे होतात. बाकीच्या ओळी बाई लिहिते खऱ्या, पण त्यांतून कॅडबी हॉलला ठाऊक नसलेलं काहीही कळत नाही.

आपल्या घरी दुधाचा रतीब असतो. दूधवाल्याला आपण रोज ‘उद्या एक लिटर’ असं सांगत नाही. पाहुणे येणार असतील त्या दिवशीच दार उघडून म्हणतो, उद्या अर्धा लिटर जास्त. गावाला जाणार असू तर म्हणतो, चार दिवस नको. न बोलणं हासुद्धा तिथे एक निरोपच असतो, आणि दूधवाल्याला तो बरोबर समजतो.

लायन्सने दुकानांना असा रतीब लावला. प्रत्येक दुकानाची, प्रत्येक वाराची ठरलेली मागणी कार्डांवर एकदाच पाडून ठेवली. आता रोज दुपारी ठरलेल्या वेळेला कॅडबी हॉलमधली मुलगी कानाला टेलिफोन लावून दुकानाशी बोलायची. मॅनेजरबाईने फक्त फरक सांगायचा. ही वस्तू इतकी जास्त, ती इतकी कमी. ऐकता ऐकता मुलगी तेवढीच कार्डं पाडायची. फोन संपेपर्यंत दुकानाची उद्याची मागणी यंत्रात जायला तयार.

१९५४च्या ऑक्टोबरात हे सुरू झालं. लिओ रतिबात फरक मिळवायचं आणि एकाच दमात सगळं बाहेर काढायचं. रात्री बेकरीत काय किती भाजायचं, कुठल्या दुकानासाठी काय बांधायचं, कुठल्या गाडीत काय चढवायचं, बिल किती, खर्च किती. तोवर एकच आकडा पाच वह्यांत पाच हातांनी उतरवला जात होता. आता तो एकदाच आत जायचा आणि जिथे जिथे हवा तिथे आपला आपण पोचायचा.

आणि सिमन्स इतकी वर्षं ज्याच्या मागे होते, ते त्याबरोबर आपसूक आलं. ठरलेली मागणी एकदा लिहून ठेवली की प्रत्येक दिवसाला ताडून पाहायला एक मोजपट्टी मिळते. अपेक्षेप्रमाणे चाललेल्या दुकानांची पानंच्या पानं देखरेख करणाऱ्यापुढे टाकण्याची गरज उरत नाही. जिथे काही वेगळं घडलं तेवढंच त्याला दाखवायचं. एखादं दुकान पुन्हापुन्हा एकच वस्तू कमी मागवतंय, एखाद्या पदार्थाचा खर्च किमतीला गाठतोय, तर तो आकडा वेळेत वर यावा आणि बाकीच्यांनी गप्प बसावं. मॅनेजरबाई फोनवर जे करत होती, तेच यंत्र आता वरच्या साहेबासाठी करणार होतं. दोघांनाही एकच आज्ञा: फरक तेवढा सांगा.

पुढे कंपन्यांनी व्यवस्थापनाला माहिती पुरवणाऱ्या मोठमोठ्या यंत्रणा उभारल्या, त्यांना भारदस्त नावं दिली. आज कुणा व्यवस्थापकाच्या पडद्यावर लाल रंगात एकच आकडा लुकलुकतो आणि बाकी सगळं हिरवं राहतं, त्यामागचा विचार हाच. यंत्र स्वतः काही ठरवत नाही. हजार आकड्यांच्या गर्दीतून कुठल्या आकड्याकडे माणसाने बघायचं, एवढंच ते दाखवतं. उद्या ऊन पडेल का, हे खिडकीतून बघणारी बाई त्या यंत्रणेत होती तशीच राहिली. उलट शंभर ओळींच्या बेगारीतून सुटल्यामुळे तिला खिडकीतून बघायला उसंत मिळाली.

रतीब चालू, दूध बदललं

लिओची कीर्ती झाली. रेल्वेने आपल्या हजारो स्थानकांमधली अंतरं त्याच्याकडून काढून घेतली. सरकारने करांचे तक्ते करून घेतले. नोव्हेंबर १९५४ मध्ये लायन्सने संगणक बांधून विकणारी वेगळी कंपनीच काढली. तंबाखूवाले, पोलादवाले, मोटारवाले गिऱ्हाईक म्हणून आले. चहावाल्यांकडून संगणक घेताना कुणाला चमत्कारिक वाटलं असेल, पण विकत मिळत होती ती नुसती पेटी नव्हती. तुमच्या धंद्याला काय कळायला हवं, हे आधी विचारणारी माणसं बरोबर यायची.

तरी हा धंदा भांडवल खाणारा. अमेरिकेतल्या बलाढ्य कंपन्यांपुढे चहावाल्यांचा टिकाव लागणं अवघड होतं. १९६३ मध्ये लिओचा धंदा इंग्लिश इलेक्ट्रिकच्या धंद्यात मिसळला. कॅडबी हॉलमधलं मूळ यंत्र जानेवारी १९६५ मध्ये बंद झालं. पाऱ्याने घोकणं थांबवलं.

सिमन्स यांनी १९६२ साली या अनुभवावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात त्यांनी लिओबरोबर कारकुनांना किंवा अभियंत्यांना बसवलं नाही, व्यवस्थापकांना बसवलं. चाळीस वर्षं ते तेच सांगत आले होते.

आणि लायन्स? जगात सर्वांत आधी ज्या कंपनीने आपले आकडे इतके चोख केले, ती तरी बुडायला नको होती. पण १९७०च्या दशकात तिने परदेशातल्या कंपन्या विकत घेण्याचा सपाटा लावला. अमेरिकेतली आइस्क्रीमची मोठी साखळीही घेतली. त्यासाठी परकी चलनांत कर्जं काढली. मग पौंड घसरत गेला. कर्ज तेवढंच, पण पौंडात फेडायचं ओझं वाढत गेलं. १९७८ मध्ये लायन्स एका दारूवाल्या कंपनीच्या हाती गेली.

हे वाचताना मला दर वेळी तो रतीब आठवतो. रतीब सोयीचा असतो, कारण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: उद्या आजच्यासारखाच असेल. केकच्या बाबतीत ते गृहीत बरोबर आहे का, हे लायन्स रोज दुपारी फोन करून विचारून घेत होती. पौंडाची किंमतही अशीच गृहीत धरलेली होती, पण ती कुठल्या कार्डावर पाडलेली नव्हती, म्हणून तिचा फरक कुठल्या तक्त्यात निघणार नव्हता. यंत्रणा फरक सांगते तो आपण आधी मांडलेल्या अपेक्षेपासूनचा. जी अपेक्षा आपण मांडलीच नाही, तिच्याबाबत सगळे दिवे हिरवेच दिसतात.

कॅडबी हॉलच्या इमारती आता नाहीत. पण दुपारची ती वेळ डोळ्यांपुढे आणता येते. दुकानात पेल्यांचा खणखणाट, काउंटरमागे फोन वाजतो. मॅनेजरबाई तो उचलते, पलीकडून कॅडबी हॉलची मुलगी विचारते, आज काही बदल? बाई मान वळवून दाराबाहेर बघते, एक क्षण थांबते. तिने रतिबावर भागवलं असतं तरी चाललं असतं. पण आभाळ उघडतंय. ती म्हणते, हो, आहे.